हिरडीच्या आत दुर्बीण

हिरडीचं ऑपरेशन गेली शंभर वर्षं एकाच अडचणीशी झगडत आलं आहे: रोग जिथे असतो तिथे नजर पोचत नाही. दाताच्या मुळाला चिकटलेलं कीटण हिरडीच्या आड सहा, आठ, कधी दहा मिलिमीटर खोल दडलेलं असतं. ते नीट काढायचं तर दिसायला हवं, आणि दिसायचं तर हिरडी उघडायला हवी. या शस्त्रक्रियेतली बरीचशी काटछाट रोग काढण्यासाठी होतच नाही, डॉक्टरला दिसावं म्हणून होते. तिची किंमत पेशंटची हिरडी मोजते. गेल्या काही वर्षांत छोट्या कॅमेऱ्याच्या मदतीने हा हिशेब बदलता येईल असा दावा पुढे आला आहे. त्यात खरं किती, आणि आपल्याकडच्या पेशंटला त्याचा उपयोग किती, हे तपासून पाहण्याजोगं आहे.

आपण ज्याला सरसकट पायरिया म्हणतो त्याचं शास्त्रीय नाव पेरिओडॉन्टायटिस. दातावर रोज जमणारा जंतूंचा चिकट थर निघाला नाही की हिरडी लाल होते, ब्रश करताना रक्त येतं. इथवरचं नुकसान पूर्ण भरून निघतं. काही माणसांत मात्र सूज खाली उतरते, हिरडी आणि दात यांच्यातली चीर खोल होत जाते, दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू तुटतात आणि हाड झिजू लागतं. निरोगी हिरडीत ही चीर एक ते तीन मिलिमीटरची असते. दंतवैद्य खुणा केलेली बारीक सळई, म्हणजे प्रोब, हलकेच आत सरकवून ती मोजतात. चार मिलिमीटर भरली की लक्ष द्यायचं, सहा किंवा जास्त भरली की ते खोल पॉकेट. 2018 साली जाहीर झालेल्या वर्गीकरणात या रोगाचे चार टप्पे केले आहेत. तिसऱ्या टप्प्यात मुळाच्या मधल्या भागापर्यंतचं किंवा त्याहूनही खालचं हाड गेलेलं असतं. चौथ्यात रोगामुळे पाच किंवा जास्त दात गमावलेले असतात आणि चावणंच बिघडलेलं असतं. 

या रोगात दुखत जवळजवळ नाही, हा त्याचा सगळ्यात वाईट गुण. दाढ किडली की माणूस रात्री झोपत नाही, सकाळी दवाखान्यात हजर होतो. हिरडीखालचं हाड अर्धं गेलं तरी तक्रार काय, तर ‘दातांत फटी पडल्यात’, ‘भाकरी तोडताना पुढचा दात हलतो’, फार तर ‘तोंडाला वास येतो असं घरचे म्हणतात’.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मौखिक आरोग्य अहवालानुसार जगात शंभर कोटींहून अधिक लोकांना तीव्र स्वरूपाचा हिरड्यांचा रोग आहे. पण तो सगळ्यांना सारखा होत नाही, हे आपल्या शेजारच्याच एका अभ्यासाने दाखवून दिलं. हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 पासून श्रीलंकेतल्या 480 चहामळा कामगारांच्या तोंडांची पंधरा वर्षं नोंद ठेवली. या माणसांना दंतोपचार माहीत नव्हते, ब्रशही नव्हता. कीटण आणि सूज सगळ्यांनाच होती. तरी 11 टक्के लोकांचा रोग पुढे सरकलाच नाही, 81 टक्क्यांचा हळूहळू सरकला आणि 8 टक्क्यांचा झपाट्याने, इतका की त्यांचे दात तरुण वयातच गेले. घाण सारखी, नुकसान वेगळं. शरीराची घडण, तंबाखू आणि मधुमेह या गोष्टी इथे निर्णायक ठरतात. कॅमेरा कितीही चांगला असला तरी त्या तीनही गोष्टी त्याच्या आवाक्याबाहेर आहेत, हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे हिरडीखालची सफाई: स्केलिंग आणि मुळाचा पृष्ठभाग गुळगुळीत करणं. क्युरेट नावाचं वाकडं हत्यार किंवा कंप पावणारं अल्ट्रासॉनिक टोक आत घालून, निव्वळ बोटांना जाणवणाऱ्या खरखरीवर ही सफाई चालते. अरुंद तोंडाच्या सुरईत हात घालून, न बघता तळाचं शेवाळ खरवडण्यासारखं हे काम आहे. पॉकेट उथळ असेल तर ते उत्तम जमतं. खोलवर काय होतं, हे 1986 साली कॅफेसी आणि सहकाऱ्यांनी मोजलं. काढूनच टाकायचे होते असे दात त्यांनी निवडले, काहींची न उघडता सफाई केली, काहींची हिरडी उघडून केली, मग दात काढून मुळं तपासली. तीन मिलिमीटरपर्यंतच्या पॉकेटमध्ये दोन्ही रीतींनी 86 टक्के पृष्ठभाग स्वच्छ झाले होते. चार ते सहा मिलिमीटरमध्ये न उघडता 43 टक्के, उघडून 76 टक्के. सहाच्या पुढे न उघडता 32 टक्के आणि उघडूनही फक्त 50 टक्के.

या आकड्यांतला शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. हिरडी उघडली, मूळ डोळ्यांसमोर आलं, तरी निम्म्या पृष्ठभागांवर काही ना काही उरलंच. म्हणजे उघडणं आणि दिसणं या दोन गोष्टी एक नाहीत. रक्त येत असतं, दाढेच्या दोन मुळांच्या बेचक्यात उजेड जात नाही, आणि कीटणाचा पातळ उरलेला थर मुळाच्याच रंगाचा असतो. साध्या डोळ्याला तो ओळखू येत नाही. कॅमेऱ्याची खरी गरज इथे सुरू होते.

उघडण्याची पद्धत तशी जुनीच. स्वीडनमधले लिओनार्द विडमन यांनी 1918 साली हिरडीचा पदर उचलून आतून सफाई करण्याची रीत लिहून ठेवली. 1974 मध्ये रामफियोर्ड आणि निसल यांनी तिचं सौम्य रूप मांडलं आणि जगभरच्या दंत महाविद्यालयांत तेच शिकवलं जाऊ लागलं. आपल्याकडचे डॉक्टर ‘फ्लॅप करावा लागेल’ म्हणतात तो हाच. या शस्त्रक्रियेने असंख्य दात वाचले आहेत आणि आजही वाचतात. पण तीन-चार दातांची हिरडी दोन्ही बाजूंनी सोडवून हाडापासून उचलली की तिचा रक्तपुरवठा काही काळ तुटतो. बरी होताना ती आकसते. दात लांब दिसू लागतात, उघडी पडलेली मुळं गार पाण्याने शिणशिणतात, आणि दोन दातांमधला हिरडीचा त्रिकोणी कोंब, ज्याला पॅपिला म्हणतात, तो खचला की तिथे काळी फट राहते. पुढच्या दातांत ही फट पडली की माणूस हसताना तोंडावर हात धरायला लागतो. रोग गेला तरी पेशंट खूश नसतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

पोटाच्या शस्त्रक्रियेतही असंच होतं. पित्ताशय बोटाएवढं, पण ते दिसावं म्हणून पोटावर वीतभर चीर. जर्मनीत एरिक म्यूहे यांनी 1985 साली दुर्बिणीतून पित्ताशय काढलं आणि पुढच्या काही वर्षांत सगळं चित्र पालटलं. मुंबईत डॉ. तेहमतन उदवाडिया यांनी 1990 मध्ये जे. जे. रुग्णालयात ही शस्त्रक्रिया केली, आणि दुर्बिणीचं ऑपरेशन हा शब्दप्रयोग बघता बघता गावोगावी पोचला. इंग्लंडमधले मूत्ररोगशल्यविशारद जॉन विकहॅम यांनी त्याच सुमारास कमीत कमी इजेच्या शस्त्रक्रियेची कल्पना हिरिरीने मांडली होती. अमेरिकेत टेक्ससमधले हिरड्यांचे तज्ज्ञ स्टीफन हॅरेल यांनी 1995 च्या सुमारास हाच विचार तोंडात आणला: ज्या एका जागी हाड झिजलं आहे तेवढीच जागा, तेवढ्याच छोट्या चिरेतून.

पुढची दहा-पंधरा वर्षं या विषयातलं बरंचसं काम इटलीत झालं. फ्लॉरेन्सचे पिअरपाओलो कॉर्टेलिनी आणि त्यांचे सहकारी मॉरित्सिओ टोनेटी यांनी पॅपिला न फाडता आत शिरण्याच्या रीती एकामागून एक बसवल्या. 2007 मध्ये त्यांनी अगदी कमी हिरडी उचलणारं तंत्र मांडलं आणि 2009 मध्ये त्याहून पुढचं, ज्यात फक्त गालाच्या बाजूने छोटी खिडकी उघडायची, पॅपिला जागेवरून हलवायचाच नाही. फेरारा शहरातल्या ट्रॉम्बेली यांनी एकाच बाजूचा पदर उचलण्याची रीत रूढ केली. ही सगळी कामं भिंगांच्या चष्म्यातून किंवा शस्त्रक्रियेच्या मायक्रोस्कोपखाली चालतात. आणि इथे नवी पंचाईत उभी राहते. खिडकी जितकी छोटी, तितकं आत कमी दिसतं. मायक्रोस्कोप लांबून, सरळ रेषेत पाहतो. दाढेच्या मागच्या बाजूला, मुळाच्या वळणाआड त्याची नजर वळत नाही.

कॅमेरा आत न्यायचा, ही कल्पना मग आपोआपच पुढे येते. पहिला प्रयत्न विसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. हिरड्यांसाठी खास बनवलेल्या एंडोस्कोपमध्ये जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा तंतू न उघडलेल्या पॉकेटमध्ये घालतात आणि मुळाचं चित्र पडद्यावर 24 ते 48 पट मोठं दिसतं. हे यंत्र शस्त्रक्रियेसाठी नव्हतं, न उघडता करायच्या सफाईसाठी होतं. टेक्ससमधल्याच सॅन अँटोनिओच्या विद्यापीठात 2007 मध्ये त्याची दोन वेगवेगळ्या अभ्यासांत परीक्षा झाली. एकमुळी दातांवर एंडोस्कोप वापरल्यावर कीटण थोडं कमी उरलं, खोल पॉकेटमध्ये फरक जास्त दिसला. अनेक मुळांच्या दाढांवर मात्र लक्षणीय फरक पडला नाही. हा निकाल निराश करणारा आहे, कारण मदतीची जास्त गरज दाढांनाच असते. एका हातात तंतू, दुसऱ्या हातात हत्यार, समोर रक्ताने झाकोळणारं चित्र, आणि एकेका दातावर जाणारा वेळ. यंत्र टिकलं, पण गल्लोगल्लीच्या दवाखान्यांत पोचलं नाही.

याच यंत्राने एक मोठं काम मात्र केलं. डॅलसचे थॉमस विल्सन आणि हॅरेल यांनी 2008 मध्ये एंडोस्कोपमधून पॉकेटची आतली भिंत आणि समोरचं मूळ एकत्र पाहिलं. भिंत जिथे लालबुंद, सुजलेली होती तिथे समोर बहुतेक वेळा जंतूंच्या थराने झाकलेलं कीटण होतं. पाठ्यपुस्तकात वाचलेली गोष्ट जिवंत माणसाच्या हिरडीत, जागच्या जागी दिसली. उरलेलं थोडंसं कीटण शरीर खपवून घेतं का, हा वाद त्याने संपला नाही. पण ‘थोडं राहिलं तरी चालतं’ असं सहज म्हणणं अवघड झालं.

हॅरेल यांनी मग छोट्या चिरेतून आत जाणारा व्हिडिओस्कोप घडवला. त्याचं वर्णन 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. इथे तंतूतून चित्र बाहेर आणण्याऐवजी नळीच्या टोकालाच छोटा डिजिटल कॅमेरा बसवला आहे, त्यामुळे चित्र पुष्कळ स्वच्छ येतं. टोकाला एक फिरवता येणारा आधार असतो. तो हिरडीचा कोवळा पदर हलकेच बाजूला धरून ठेवतो. आणि लेन्सवरून वायूचा सतत झोत वाहतो, म्हणजे रक्ताचा थेंब लेन्सवर बसतच नाही. जुन्या एंडोस्कोपला नडलेली अडचण या एका युक्तीने सुटली. झोताची रचना मात्र जपून करावी लागते. दाबाने हवा ऊतींत शिरली तर चेहरा सुजतो, आणि हा धोका दंतवैद्यकात जुना व ओळखीचा आहे.

शस्त्रक्रिया कशी चालते ते पाहण्यासारखं आहे. नेहमीची भूल दिली जाते. ज्या दोन दातांमध्ये हाडात खड्डा आहे तिथेच, शक्य असेल तर जिभेच्या किंवा टाळूच्या बाजूने, छोटी चीर. ओठाच्या बाजूची हिरडी, जी हसताना दिसते, तिला हात लागत नाही. फटीतून सुजलेली, रक्ताळलेली नरम ऊती काढून खड्डा रिकामा केला की कॅमेरा आत जातो. पडद्यावर मूळ येतं: पिवळसर, रेघा असलेला पृष्ठभाग, आणि त्यावर काळपट, करडे ठिपके. भिंगाच्या चष्म्यातून हेच मूळ काही क्षणांपूर्वी स्वच्छ दिसलेलं असतं. हे ठिपके हत्याराने खरवडून जात नाहीत तेव्हा मुळावर इडीटीएचं द्रावण चोळतात, त्याने ते सुटतात. मग गरजेप्रमाणे हाड भरून यायला मदत करणारं द्रव्य घालून पॅपिलाच्या बुडाशी एखाद-दुसरा टाका. संध्याकाळपर्यंत पेशंटला फारसं दुखत नाही, गालावर सूज नाही, हे या रीतीचं वैशिष्ट्य तिचे सगळेच पुरस्कर्ते आवर्जून सांगतात.

निकाल काय? हॅरेल आणि त्यांच्या डॅलसमधल्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मालिकेत सहा महिन्यांनी पॉकेटची खोली सरासरी चार मिलिमीटरच्या आसपास कमी झाली होती, तुटलेली पकडही जवळपास तितकीच परत आली होती. आठ मिलिमीटरचं पॉकेट चारवर येणं म्हणजे काढायच्या यादीतला दात रोजच्या वापरात परत येणं. आणि हिरडी सरासरीने आकसली नव्हती. जुन्या फ्लॅपच्या बाबतीत असं म्हणता येत नसे.

पण त्या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता. तीच छोटी चीर, त्याच हातांनी, पण कॅमेऱ्याविना केली असती तर काय झालं असतं, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. पेशंट मोजके होते, निवडलेले होते, आणि शस्त्रक्रिया करणारे स्वतः या तंत्राचे जनक होते. यात दोष काढण्यासारखं काही नाही, नवं तंत्र असंच जन्माला येतं. फक्त ‘कॅमेऱ्याने हाड परत येतं’ असं जाहिरातीत लिहिण्याइतका पुरावा तो नाही.

याच ठिकाणी 2011 साली आलेले दोन अभ्यास फार बोलके आहेत. कॉर्टेलिनी आणि टोनेटी यांनी 45 पेशंट तीन गटांत वाटले. तिन्ही गटांत पॅपिला न हलवता छोट्या खिडकीतून शस्त्रक्रिया केली. एका गटात वर काहीच घातलं नाही, दुसऱ्यात एनॅमलची प्रथिनं घातली, तिसऱ्यात ती प्रथिनं आणि गाईच्या हाडाची पूड. वर्षभरानंतर तिन्ही गटांत फायदा जवळपास सारखाच, चार मिलिमीटरच्या आसपास. महागडं द्रव्य घातलेल्यांना आणि न घातलेल्यांना सारखंच. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये रिबेरो आणि सहकाऱ्यांनी छोट्या चिरेची शस्त्रक्रिया आणि मायक्रोस्कोपखाली बारीक हत्यारांनी, मुळीच न कापता केलेली सफाई यांची तुलना केली. सहा महिन्यांनी दोन्हींचे निकाल जुळले.

हे दोन अभ्यास शेजारी ठेवले की लक्षात येतं, भरून येण्याचं काम खड्ड्यात साचलेली रक्ताची गुठळी करते. तिला छप्पर हवं, ते हलता कामा नये, आणि समोरचं मूळ स्वच्छ हवं. पॅपिला अखंड राहिला तर छप्पर मिळतं. छोट्या चिरेमुळे ते हलत नाही. मूळ स्वच्छ करायला दिसणं लागतं. माझ्या मते कॅमेऱ्याची जागा या साखळीत तिसरी आहे, पहिली नाही. ज्याचा हात हलका नाही, ज्याला टाका कुठे आणि किती ओढून घ्यायचा हे कळत नाही, त्याच्या हातात पडदा देऊन काही होणार नाही. उलट हात तयार असलेल्या तज्ज्ञाला, मायक्रोस्कोपची नजर न वळणाऱ्या मागच्या दाढेवर, कॅमेरा जे दाखवील ते दुसऱ्या कशानेही दिसणार नाही. त्याचा उपयोग तिथे आहे आणि तो मोठा आहे.

खड्ड्यात काय भरायचं, याबद्दल पेशंटला बहुधा कुणी सांगत नाही. एनॅमलची प्रथिनं डुकराच्या पिलांच्या घडणाऱ्या दातांपासून काढलेली असतात. हाडाची पूड गाईची असू शकते, मृत दात्याची असू शकते किंवा कृत्रिम. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक मानवी हाड प्रक्रिया करून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून पुरवते, आणि देशभरचे हिरड्यांचे तज्ज्ञ ते वापरत आले आहेत. ही आपल्या शहरातली, परवडणारी आणि फारशी गाजावाजा न झालेली सोय आहे. ज्याला गाईचं किंवा डुकराचं द्रव्य नको आहे त्याने संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारावं. डॉक्टरांनीही न विचारता सांगावं. 2011 चा तो निकाल पाहता, ‘काही न घालताही चालेल का?’ हा प्रश्नही अडाणीपणाचा नाही.

आता कुणासाठी आणि कुणासाठी नाही. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीने 2020 मध्ये पहिल्या तीन टप्प्यांच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांचा क्रम साधा आहे: आधी पेशंटच्या सवयी, मग न उघडता सफाई, मग पुन्हा मोजमाप, आणि त्यानंतरही सहा मिलिमीटर किंवा जास्त खोल पॉकेट उरलं तरच शस्त्रक्रिया. हाडात तीन मिलिमीटर किंवा जास्त खोल खड्डा असेल तर ते भरून आणणारी शस्त्रक्रिया, तीही पॅपिला जपून. कॅमेऱ्याची शस्त्रक्रिया या शेवटच्या, अरुंद पायरीवर बसते. एक-दोन दातांमध्ये खोल, तीन बाजूंनी हाडाच्या भिंती असलेला खड्डा, हा तिचा आदर्श पेशंट. एक्स-रेत दिसणारा तो उभा, निमुळता खड्डा.

आपल्या ओपीडीत येणाऱ्या पुष्कळ पेशंटचं हाड तसं झिजलेलं नसतं. ते सगळीकडून सपाट खाली गेलेलं असतं. तिथे भरून यायला भिंतीच नसतात, आणि एकाच वेळी पंधरा-वीस दात उघडून स्वच्छ करायचे असतात. तिथे जुनी फ्लॅप शस्त्रक्रिया आजही जास्त उपयोगी पडते. गुटखा-सुपारीने ज्यांचं तोंडच दोन बोटं उघडतं त्यांच्या मागच्या दाढेपर्यंत कॅमेरा सोडा, साधा आरसा नेणं कठीण असतं.

तंबाखूचं आणखी एक रूप खास आपल्याकडचं. भाजलेल्या तंबाखूची मिश्री हिरड्यांवर चोळण्याची सवय महाराष्ट्रात अजून आहे, खेडोपाडी बायकांमध्ये विशेष. दात ‘घट्ट’ राहतात म्हणून ती लावली जाते. प्रत्यक्षात तंबाखू हिरडीचा रक्तपुरवठा आणि भरून येण्याची ताकद कमी करते. रक्त कमी येतं म्हणून हिरडी बरी वाटते आणि आतलं हाड जात राहतं. शस्त्रक्रियेआधी मिश्री, विडी, तपकीर सुटली नाही तर सगळ्या जगातला उत्तम कॅमेरा आणूनही निकाल अर्धा येणार, हे तज्ज्ञाने पेशंटला स्पष्ट सांगायला हवं. मधुमेहाचंही तसंच, आणि इथे दोन्हीकडून फायदा आहे. 2022 च्या कॉक्रेन आढाव्यात हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, सरासरी 0.43 टक्क्यांनी उतरल्याचं नोंदलं आहे. एखादं जास्तीचं औषध वाढवल्यावर मिळावा इतका हा फरक आहे. मधुमेहाच्या डॉक्टरांनी पाय आणि डोळे तपासतात तशा हिरड्याही बघायला लावाव्यात, ही मागणी वाजवी आहे.

आणि मग तो जुना समज: दात साफ केले की ढिले होतात. होतं असं की दातांमधलं कीटण निघतं, सूज उतरते, आणि आधीच गेलेल्या हाडाने पडलेल्या फटी पहिल्यांदा जिभेला लागतात. दात आधीच ढिला होता, कीटणाने त्याला लेप दिल्यासारखं धरून ठेवलं होतं. या समजापायी सहा महिन्यांची साधी सफाई टाळणारा माणूस दहा वर्षांनी शस्त्रक्रियेच्या खुर्चीत येतो. तेव्हा त्याला छोटी चीर पुरत नाही.

शस्त्रक्रियेनंतर काय, या प्रश्नाचं उत्तर 1977 पासून उपलब्ध आहे. स्वीडनमध्ये निमन, लिंडे आणि रोसलिंग यांनी तेव्हाच्या प्रचलित पाच शस्त्रक्रिया अशा पेशंटवर करून पाहिल्या, ज्यांना नंतर नियमित व्यावसायिक सफाई मिळाली नाही आणि ज्यांच्या दातांवर थर साचत राहिला. कोणतीही शस्त्रक्रिया टिकली नाही, पाचही गटांत रोग पुढे सरकला. उलट त्याच देशात कार्लस्टाडला अ‍ॅक्सेलसन आणि लिंडे यांनी नियमित बोलावून सफाई केलेल्या आणि शिकवलेल्या पेशंटची तीस वर्षं नोंद ठेवली. तीस वर्षांत माणशी दोनपेक्षाही कमी दात गेले. हा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात यंत्राचा चमत्कार कुठेच नाही. दातांमधल्या फटीत जाणारा छोटा ब्रश आहे, ठरलेल्या तारखेला दवाखान्यात येणं आहे, आणि प्रत्येक वेळी सवय तपासणारा माणूस आहे.

म्हणून कॅमेऱ्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या पेशंटने यंत्राच्या किमतीपेक्षा काही वेगळं विचारावं. माझ्या कोणत्या दातात किती मिलिमीटरचं पॉकेट आहे? न कापता सफाई करून पुन्हा मोजलं का? एक्स-रेत खड्डा उभा आहे की हाड सपाट गेलं आहे? शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षी किती वेळा बोलावणार? ज्या दवाखान्यात ही उत्तरं कागदावर, आकड्यांत मिळतात तिथे कॅमेरा असला काय, नसला काय, पेशंट बऱ्या हातांत आहे. ‘दुर्बिणीतून करू, काही होत नाही’ एवढंच मिळत असेल तर दुसरं मत घ्यावं.

इम्प्लांटच्या बाबतीत कॅमेऱ्याने आधीच एक ठोस काम केलं आहे. विल्सन यांनी 2009 मध्ये इम्प्लांटभोवतीची सूज एंडोस्कोपने पाहिली तेव्हा 81 टक्के प्रकरणांत कॅप बसवताना बाहेर सांडलेलं सिमेंट हिरडीखाली अडकलेलं आढळलं. ते काढल्यावर बहुतेकांची सूज गेली. आपल्या शहरांत इम्प्लांट वेगाने वाढत आहेत, आणि त्यांच्याभोवती हिरडी सुजलेले पेशंटही. इथे एंडोस्कोप लवकर उपयोगी पडेल असं मला वाटतं, कारण शोधायची वस्तू एकच आहे, तिची जागाही ठरलेली आहे, आणि ती सापडली की उपचार तिथेच संपतो.

हिरडीच्या शस्त्रक्रियेत मात्र अडलेला प्रश्न अजून तोच आहे: तीच छोटी चीर, एका गटात मायक्रोस्कोप, दुसऱ्यात आत जाणारा कॅमेरा, दाढांसकट, आणि निदान तीन वर्षं पाठपुरावा. निकाल मोजणाऱ्याला कोणता पेशंट कोणत्या गटातला हे माहीत नसावं. हा अभ्यास डॅलसपेक्षा आपल्याकडे होणं जास्त शक्य आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत खोल पॉकेटचे पेशंट रोज येतात, आणि तीन वर्षांचा एमडीएस अभ्यासक्रम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय हवाच असतो. तो एकट्याचा, सहा महिन्यांचा, वीस पेशंटचा राहतो आणि कपाटात जातो. तीन महाविद्यालयांनी एकच आराखडा घेऊन, एक यंत्र आणि एक प्रशिक्षित हात वाटून घेतला, तर तीन तुकड्यांच्या विद्यार्थ्यांत मिळून पुरेसे पेशंट सहज होतील. त्यात मिश्री लावणाऱ्या बायका असतील, मधुमेही असतील, सपाट हाडाचे पेशंट असतील. परदेशातल्या निवडक पेशंटच्या अभ्यासांतून ही माणसं आजवर गळून गेली आहेत. कॅमेरा त्यांच्या कामाचा आहे की नाही, हे त्यांच्याच तोंडांत मोजावं लागेल.